बदकांसाठी की बशांसाठी

बंदुकीच्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस आवाज खाली करून बोलतो. पायरीवर चप्पल काढतो, आत वाकून बघतो आणि कुजबुजतो, "बंदुका इथेच मिळतात ना?" त्याच्या डोक्यावर पाटी असते आणि पाटीवर ठळक अक्षरांत तेच लिहिलेलं असतं. वसईत मी पंचवीसेक वर्षं हे दुकान चालवलं. एवढ्या काळात माझ्या दुकानात कोणी कोणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. समोरच्या किराणावाल्याकडे रोज सकाळी ओरडाआरडा असायचा.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून "तुमच्या धंद्यातले थरारक अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी म्हणालो की थरारक असं माझ्याकडे काही नाही. ते म्हणाले, "अहो, बंदुकांचं दुकान होतं ना तुमचं?" होतं. पण बंदुकीच्या दुकानात घडतं काय, तर गंज. वसईच्या खाऱ्या हवेत बंदूक उडते कमी आणि गंजते जास्त. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या बंदुकांवरचा गंज घासण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं "पुन्हा गंजू देऊ नका" हे त्यांना सांगण्यात. दुसऱ्या कामाचा काही उपयोग झाला नाही. पहिल्यावर मुलांची शिक्षणं झाली.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या बंदूकवाल्याकडे मिस्त्रीकाम शिकलो आणि नव्वदच्या आसपास वसईत स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, त्यामुळे परवान्याचं काहीही असलं की ठाण्याच्या वाऱ्या. गिऱ्हाईक बहुतेक बागायतदार. पीक राखण्यासाठी सरकार परवाना देई आणि त्यावर एकनळी किंवा दुनळी मिळे. वर्षातून दोनचारदा तिचा बार आकाशात जायचा, वटवाघळं उडायची आणि बागायतदार जेवायला बसला की परत येऊन लटकायची.

पुढे इमारती वाढल्या तसं नवं गिऱ्हाईक येऊ लागलं. नायगावकडच्या खाडीकाठी टॉवर बांधणारे एक शेठ आले. सोफ्यावर बसावं तसे माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सगळ्यात मोठा आवाज कुठलीचा?"

"बारा बोअरच्या सगळ्यांचा सारखाच."

"मग महागातली का घ्यायची?"

प्रश्न अगदी बरोबर होता. इतक्या वर्षांत मला तो दुसऱ्या कोणी विचारला नाही. या शेठजींचं पुढे काम आहे, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

आता मुख्य माणसाकडे येतो. निवडणूक लागली की परवानेदारांनी आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात किंवा आमच्यासारख्यांच्या दुकानात जमा करायच्या, असा दंडक असतो. मग माझ्या कपाटात बंदुकांची दाटी व्हायची, प्रत्येकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. बाकीचे लोक बंदूक ठेवून जात ते निकाल लागल्यावरच उगवत. नंदाखाल गावचे इनासकाका मात्र एक दिवसाआड येत. बंदूक मागायचे नाहीत. कपाटाच्या काचेतून बघायचे, "बरी हाय ना?" म्हणून विचारायचे आणि जायचे. मी म्हणायचो, "बरी आहे, काका." एखाद्या वेळी मी सांगायचो की आज पुसून ठेवली. मग त्यांचा चेहरा जरा सैल पडायचा. दवाखान्यात माणूस ठेवलेल्यांचा पडतो तसा.

काका उंच, हात नको इतके लांब. केळी-नारळाची बाग, पण बागेपेक्षा त्यांचं नाव होतं बदकांसाठी. थंडीत खाडीवर आणि मिठागरांच्या पाण्यावर उत्तरेकडून बदकांचे थवे उतरतात. शिकारीला कायद्याने बंदी येण्याआधीच्या काळात काका पहाटे छोट्या होडीतून जाऊन त्यांची शिकार करत. बंदी आली त्या हिवाळ्यापासून त्यांनी बार काढला नाही. "कायदा म्हंजे कायदा," एवढंच म्हणाले. पण पहाटे जायचं काही सोडलं नाही. रिकाम्या हाताने होडीत बसायचे आणि उजाडल्यावर घरी यायचे. घरी आपल्या बोलीत बोलणारी ही वसईची ख्रिस्ती माणसं माझ्याशी बाजारातली मराठी बोलत, तरी काकांच्या तोंडी पाणी कायम 'पानी'च राहिलं.

होडी वल्हवायला त्यांची बायको, मोनिकाकाकी. त्या मी पाहिल्या तेव्हाच थकलेल्या होत्या, पण डोळे असे घारे की समोरचा बोलता बोलता थांबायचा. काकांचं म्हणणं असं की हे डोळे उजेडात चमकतात, बदकांना लांबून दिसतात आणि बदकं उडून जातात. म्हणून थवा जवळ आला की ते काकींना मान खाली घालून बसायला लावत. काकी एकदा दुकानात आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "नेम चुकला की माझे डोळे, लागला की यांचा हात. एवढी वर्सं होडीत बसली, एक बदक उडताना पायलं नाय मी." त्या वारल्यावर काका होडीतून एकटेच जाऊ लागले.

काकांचा एक नियम होता. बंदूक भरलेली असो वा रिकामी, नळी माणसाकडे करायची नाही. त्यांच्या घरात हा नियम प्रार्थनेच्या बरोबरीने पाळला जायचा. आणि नेमका याच नियमावरून त्यांचं माझ्याशी एकदा बिनसलं होतं.

त्यासाठी धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. छर्र्याच्या बंदुकीला पुढे एक छोटा मणी असतो, पण रायफलीला असते तशी मागची खाच नसते. मागची खाच म्हणजे तुमचा डोळा. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता तुमच्या मापाचा नसेल, तर डोळा बरोबर जागी येत नाही आणि बार भलतीकडे जातो. म्हणून मिस्त्री काय करतो, तर बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घेतो, स्वतः समोर उभा राहतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, माझ्या डोळ्यावर नेम धर. मग नळीच्या टोकाकडून बघतो. मण्याच्या बरोबर वर गिऱ्हाइकाचा डोळा दिसला तर माप जमलं. खाली बुडाला किंवा बाजूला सरकला तर दस्ता कापायचा किंवा वाढवायचा. एवढ्या लोकांकडे मी या बाजूने बघितलंय की रस्त्यात कोणी भेटलं तर नाव आठवत नाही, डोळा आठवतो.

इनासकाकांना मी पहिल्याच वर्षी म्हणालो होतो, "धरा माझ्यावर." त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुला पोरंबाळं हायत ना?" आणि निघून गेले. वर्षभर आले नाहीत. त्यांची दुनळी शेवटपर्यंत त्यांच्या मापाची झाली नाही. ते मानेला बाक देऊन जमवून घ्यायचे.

त्यांची मुलगी सबिना. एका पतपेढीत नोकरी. कॉलेजात एनसीसीत रायफल हातात धरली आणि पुढे तिला तबकडीच्या नेमबाजीचा नाद लागला. चहाच्या बशीएवढी तबकडी, म्हणायला मातीची, यंत्र ती हवेत भिरकावतं आणि पडायच्या आत छर्र्यांनी फोडायची. वालीवच्या पुढे एका जुन्या दगडखाणीत मुंबईतल्या एका क्लबाने परवानगी काढून मैदान केलं होतं. आजूबाजूच्या पाड्यांत त्याचं नाव 'बशा फोडायची जागा'. सबिना तिथे रविवारी जायची आणि कोणाचीतरी उसनी बंदूक घेऊन बशा फोडायची.

नव्वदचं दशक संपता संपता एका डिसेंबरात बापलेक दोघं माझ्याकडे आले. बंदूक घ्यायची होती. सेमी-ऑटोमॅटिक.

"पपांचा खांदा गेलाय," सबिना म्हणाली. "दुनळीचा धक्का सहन नाही होत. आणि मला बशांसाठी हवीच आहे, अंकल. पुढच्या हंगामात निवड चाचणी आहे, तिथे उसनी बंदूक चालत नाही. स्वतःच्या परवान्यावरची लागते."

"बशांसाठी नाय," काका म्हणाले. "बदकांसाठी."

"पपा, बदकांवर बंदी आहे."

"उठली तर?"

मी चहा सांगितला.

गिऱ्हाइकं नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हणतात, म्हणून थोडं समजावतो. दुनळीत दोन बार असतात. ते झाले की ती उघडायची, रिकामी काडतुसं काढायची, नवी घालायची, आणि तोवर बदकं मिठागर ओलांडून गेलेली असतात. सेमी-ऑटोमॅटिक बाराच्याच जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढचं आत घेते. चाप मात्र दर वेळी तुम्हालाच ओढावा लागतो. तिच्यात दोन जाती. एक बाराचा थोडा वायू चोरून त्यावर चालते. तिचा धक्का मऊ, पण आत काजळी धरते आणि रोज साफ केली नाही तर अडते. दुसरी बाराच्या धक्क्यावरच चालते. ती चिखलात, खाऱ्या पाण्यात टिकते, पण खांद्याला कळते आणि काडतूस हलकं मिळालं तर रुसते. आपल्याकडची काडतुसं कधी हलकी कधी जड, पावसाळ्यात कागदी असली तर फुगलेली. त्यामुळे रुसणं कायमचं.

बदकांसाठी बंदूक हलकी हवी, कारण ती चिखलातून वागवायची असते. बशांसाठी जरा जड चांगली, हातात फिरताना डगमगत नाही. बदकं लांब असतात, म्हणून नळीचं तोंड आवळलेलं हवं, म्हणजे छर्रे दूरवर एकत्र जातात. पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी अंगठा दाबला की पाणी लांब जातं, तसंच काहीसं. जवळून सुटणाऱ्या बशांना मोकळं तोंड बरं, छर्रे लवकर पसरतात. एकच बंदूक दोन्हीला घ्यायची म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं सोडून द्यायचं. लग्नाची मध्यस्थी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे तशी बंदूक एकच होती. जुनी, बेल्जियमची, धक्क्यावर चालणाऱ्या जातीची. मुंबईच्या एका पारशी डॉक्टरांची. ते वारल्यावर वारसांनी माझ्याकडे विकायला ठेवली होती. वजन मध्यम, नळीचं तोंड मध्यम, म्हणजे बदकांनाही पुरती नाही आणि बशांनाही पुरती नाही. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आणि लांब. डॉक्टर उंच असणार. काकांनी ती खांद्याला लावली, छताच्या कोपऱ्यावर नेम धरला आणि ती खाली घेईनात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मापाची बंदूक मिळाली होती. सबिनाने घेतली तर दस्ता काखेत अडकला.

"दीड बोट कापला की हिचं माप होईल," मी म्हणालो.

"कापायचा नाय," काका म्हणाले.

अडचण दस्त्याची होती तशी परवान्याचीही होती. सेमी-ऑटोमॅटिकसाठी वेगळी मंजुरी लागायची आणि नवी मिळवायची म्हणजे चपला झिजवणं आलं. काकांच्या परवान्यावर ती तरुणपणी कधीतरी चढलेली होती. बंदूक काकांच्या नावावर घेतली तर घरात येणार होती, पण सबिनाला चाचणीत धरता येणार नव्हती. काकांनी वयाचं कारण लेखी देऊन परवाना मुलीच्या नावावर करायला संमती दिली, तर सबिना चाचणीला उभी राहू शकत होती. पण मग काकांच्या नावावर एकही बंदूक उरणार नव्हती. दुनळीही तिच्याच नावावर जाणार होती. सबिनाने संमतीचा कागद टाइप करून पर्समध्ये ठेवला होता. काकांना ते माहीत होतं. तिने तो काढला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

मधल्या काळात नायगावचे शेठ दोनदा येऊन गेले. त्यांनी ही बंदूक कपाटात बघितली होती आणि "सिनेमातल्यासारखी दिसते" म्हणून ती त्यांना हवी होती. मंजुरीचं मी विचारलं तर म्हणाले, "ते आपण वरून करू." वारसांचे फोन येत होते. मी काकांना सांगितलं, "आता ठरवा, नाहीतर ही टॉवरमध्ये जाईल." काका म्हणाले, "चालवून बघतो. मग ठरवतो."

जानेवारीतला रविवार, सकाळ, वसईच्या मानाने चांगली थंडी. आम्ही तिघं केळ्यांच्या टेम्पोतून खाणीवर गेलो. मी क्लबाच्या सेक्रेटरींशी बोलत होतो तेवढ्यात काकांनी बंदूक 'कोरडी वाटली' म्हणून तिला तेल पाजलं. घरचं खोबरेल. आमच्या वसईत नारळाचं तेल केसांना, सांध्यांना, कुलपांना, बिजागऱ्यांना आणि वेळ आली तर मासळीलाही चालतं, तेव्हा बंदुकीला का चालू नये? त्यांनी बाटली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती, तिथे अंगाच्या उबेने तेल पातळ होतं. गार लोखंडावर पडलं आणि थिजलं.

पहिला बार झाला. या जातीत सगळी नळीच मागे जाऊन परत येते. नळी मागे गेली आणि वामकुक्षीतून उठावं तशी सावकाश पुढे यायला निघाली. अर्ध्या वाटेत थांबली. क्लबाच्या मंडळींपैकी कोणी हसलं नाही. त्यांनी बेल्जियमची बंदूक पाहिली होती, खोबरेल पाहिलं होतं, पण दोन्ही एकत्र पाहिलं नव्हतं. मी बंदूक खोलली, टेम्पोच्या गरम बॉनेटवर सुटे भाग मांडले, आणि जरा वेळाने नंदाखालच्या नारळांचा वास सगळ्या खाणीत पसरला. रॉकेलच्या फडक्याने पुसून पुन्हा जोडली तेव्हा ती सुतासारखी सरळ चालू लागली.

मग काकांनी नेमबाजी केली. मी त्यांच्या मागे उभा होतो. बशी उजवीकडे, बार डावीकडे. पुढची बशी, पुन्हा बार डावीकडे. बंदूक त्यांच्या मापाची, हात तोच जुना, बघायला सुरेख, आणि प्रत्येक बार डावीकडे. असं एकाच कारणाने होतं. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा उजवा डोळा काम सोडतो आणि डावा डोळा त्याच्या नकळत नेम धरायला लागतो. मी सबिनाकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. काकांनी एकदाही चुकलेल्या बशीकडे दचकून पाहिलं नाही; त्यांना कधीचं माहीत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुकानातल्या छताच्या कोपऱ्यावर नेम धरायला डोळा लागत नाही.

"तेलानं बिघडली," काका म्हणाले आणि बंदूक सबिनाच्या हातात दिली. दस्ता तिच्या काखेत अडकत होता, दर बाराला दंडावर आदळत होता, तरी तिने काही बशा फोडल्या. बशी फुटते तेव्हा पिचका, कोरडा आवाज येतो. काका पाठमोरे उभे राहून तो ऐकत होते.

मला वाईट वाटलं. धंद्यात वाईट वाटून चालत नाही हे मला माहीत होतं, तरी वाटलं. माणसाचं नाव ज्या एका गोष्टीवर असतं ती त्याच्या हातून गेल्याचं इतरांनी बघणं, हे वाईट. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "शेठला विकून टाका, कोणाचंच मन नको दुखायला." ठरलंही तसंच असतं. शेठ सोमवारी येणार होते.

आले. बंदूक हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "याला वास कसला येतो?"

"खोबरेलाचा."

"जात नाही?"

"लाकडात मुरलाय. वर्षदोन वर्षं राहील."

शेठजींनी ती खाली ठेवली. पाहुण्यांना दाखवायच्या वस्तूला केसांच्या तेलाचा वास नको होता. मी खोटं बोललो नव्हतो. लाकडात वास मुरतो हे खरंच आहे.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला घोळ नको. सबिना चाचणीला उभी राहिली आणि मधल्या फळीत आली. मोठ्या संघात कधी गेली नाही. पण रविवारच्या बशा तिने बरीच वर्षं फोडल्या, नंतर नव्या मुलींना शिकवायलाही लागली. मैदानावर कोणी तेलाची बाटली काढली की ती हात पुढे करून बाटली घ्यायची आणि आधी वास घेऊन बघायची.

राहिली ती त्याच आठवड्यातल्या बुधवारची दुपार. बापलेक दोघं दुकानात आले. काका स्टुलावर बसले, बंदूक मांडीवर घेतली, दस्त्यावरून हात फिरवला.

"मिस्त्री, त्या दिवशी मला बशा दोन दोन दिसत होत्या," ते म्हणाले. "कोनती खरी ते कळंना. मी एक बी मारली नाय."

"कधीपासून, काका?"

"मोनिका गेली त्या पावसाळ्यापासून. डॉक्टर बोलला, उजव्यात आता फारसं काय रायलं नाय." मग बंदूक माझ्याकडे सरकवली. "काप दस्ता. हिच्या मापाचा कर."

सबिना खिडकीकडे बघत उभी राहिली.

मी खूण केली, लाकूड फाटू नये म्हणून खुणेवर कागदी पट्टी चिकटवली आणि बारीक दात्याच्या करवतीने सावकाश कापलं. दीड बोटाचा तुकडा टेबलावर पडला. काकांनी तो उचलला, वास घेतला आणि खिशात टाकला. "दाराला पाचर व्हईल," म्हणाले. मी कड घासली, दस्त्याच्या टोकाची पट्टी परत बसवली आणि बंदूक सबिनाच्या हातात दिली. आता माप बघायचं होतं. मी नेहमीसारखा समोर जाऊन उभा राहायला निघालो.

"तू बाजूला हो," काका म्हणाले.

ते स्टुलावरून उठले. बंदूक सबिनाच्या हातातून घेतली, उघडून आत बघितलं, बोट घालून बघितलं, पुन्हा बघितलं आणि तिला परत दिली. मग नळीच्या पुढे, जिथे मी उभा राहतो तिथे जाऊन उभे राहिले.

"धर."

सबिनाने बंदूक उचलली नाही. "पपा, तुम्हीच सांगितलंय."

"मीच सांगतोय. धर."

तिने खांद्याला लावली. काका वाकले, उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्या डोळ्याने नळीच्या टोकाकडून बघू लागले. समोरच्या किराणावाल्याकडे कोणीतरी तांदळाच्या भावावरून ओरडत होतं. काका बघतच राहिले. माप बघायला इतका वेळ लागत नाही.

"दिसतो का डोळा?" मी विचारलं.

"दिसतो. मन्याच्या बराबर वर हाय." ते तसेच वाकून होते. "घारा हाय. बदकांना लांबून दिसंल." मग सरळ उभे राहिले आणि डोळ्यावरचा हात काढला. "ही बदकांच्या कामाची नाय, मिस्त्री. हिला बशाच फोडू दे."

सबिनाने बंदूक खाली घेतली. काकांनी तिच्यापुढे हात पसरला, आणि तिने पर्समधून तो कागद काढला.